बारमाही पीक

राजेहो, कपाशीवर बोंडअळी पडते, सोयाबीनवर येलो मोझॅक येतो, तूर धुक्यात जाते. कोरडवाहू अंगावर बारा महिने हमखास येणारं पीक आपल्याकडे एकच, ते म्हणजे गचकरण. याला ना पेरणीयंत्र लागतं, ना पीकविमा. फक्त घाम लागतो, आणि मे महिन्यात विदर्भाच्या माणसाला घामाची टंचाई नाही. तुमच्या जांघेत ते अजून उगवलं नसेल तर निराश होऊ नका.

बियाणं घरचंच असतं. खुंटीवरचा दुपट्टा घ्या. त्यानं तुम्ही घाम पुसा, आंघोळ करून पोरगं अंग पुसेल, रात्री पाहुणा आला तर त्यालाही तोच द्या. अतिथी देवो भव. वरून घट्ट जीन्स घाला, तीही ओलसर असतानाच. दहा-पंधरा दिवसांत कडेला लाल आणि मध्ये साफ अशी गोल अंगठी उमटली की समजा, बी रुजलं.

आता खत. यासाठी डॉक्टरकडे जाऊ नका, तो चिठ्ठी लिहितो आणि काम बिघडवतो. मेडिकलवर जा. काउंटरपाशी बाया उभ्या असतील तर आधी डोक्याच्या गोळ्या मागा, त्या गेल्या की वाकून म्हणा, ‘‘भाऊ, ते... खाजीची ट्यूब दे.’’ जागा सांगू नका, तोही विचारणार नाही. त्याचा हात न बघता नेमक्या ड्रॉवरमध्ये जातो. या ट्यूबमध्ये बुरशीचं औषध असतं, जंतूचं असतं, आणि असली कामगिरी करणारं क्लोबेटासॉलसारखं जबरदस्त स्टिरॉइडही असतं. तिसऱ्या दिवशी लाली जाते, खाज जाते, आणि तुम्ही ट्यूबचं नाव चार जणांना सांगता. स्टिरॉइड कातडीचं भांडण थांबवतं हो, पण बुरशीला हात लावत नाही. उलट पहारेकरी झोपल्यावर ती निवांत पसरते. ट्यूब थांबवली की दुप्पट उगवते. मग परत ट्यूब. असं चार-सहा महिने केलं की अंगठीचा आकारच पुसला जातो, मांडीवर कायमच्या चिरा पडतात, आणि डॉक्टरला हे गचकरण आहे की आणखी काही तेच कळत नाही. 2018 मध्ये केंद्र सरकारनं अशी 14 स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नये म्हणून नियम केला. नियम कागदावर आहे, ट्यूब ड्रॉवरमध्ये आहे, आणि दोघांची भेट आमच्या तालुक्यात तरी अजून झालेली नाही.

आमच्या घरी देवळीत उदबत्तीच्या पुड्याशेजारी अशी एक ट्यूब होती. शेपटीकडून गुंडाळत आणलेली, शेवटी ब्लेडनं चिरून आतलं बोटानं पुसून घेतलेली. एवढ्या काटकसरीनं आम्ही युरियासुद्धा वापरला नाही.

खरजेची मशागत वेगळी. हिचा किडा कातडीत बिळं करतो आणि खाज रात्री चढते. बोटांच्या बेचक्या, मनगट, कंबर, लाजेची जागा, हे त्याचं रान. डॉक्टर परमेथ्रिन 5 टक्केचं मलम देईल आणि म्हणेल, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत लावा, आठवड्यानं परत लावा. हसून सोडा. ज्याला खाजतं त्यालाच, आणि खाजतं तिथंच लावा. बाकीच्यांना काही नाही म्हणता? बरोबर आहे. पहिल्यांदा लागण झाली की खाज सुटायला 4 ते 6 आठवडे लागतात. तोवर आजी, नातू आणि तुम्ही एकाच वाकळीत निजून किड्यांची देवाणघेवाण पूर्ण करून घ्या. कपडे गरम पाण्यात धुवायचे, नाहीतर थैलीत बांधून तीन दिवस बाजूला ठेवायचे, एवढीही तसदी घेऊ नका. माणूस मिळाला नाही तर तो किडा दोन-तीन दिवसांत मरतो, पाप लागेल. बरं, नीट औषध केल्यावरही खाज दोन-चार आठवडे राहते. त्यावरून ‘औषध फेल गेलं’ असं पारावर जाहीर करा.

आणि एखादा फिका चट्टा खाजतच नसेल, टाचणी टोचली तरी कळत नसेल, तर मुळीच बघू नका. वरोऱ्याला आनंदवन कशासाठी उभं राहिलं ते आपण सहलीला जाऊन पाहिलं आहे ना, पुरे झालं. कुष्ठाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि 6 किंवा 12 महिन्यांत रोग जातो, हे ऐकून कुणाचं मन वळू शकतं, म्हणून हळू आवाजात सांगतो.

आता खालच्या गोष्टी. रोगाचं नावच गुप्त, मग तुम्ही कोण उघड करणारे? बाहेरून काही घेऊन आलात आणि तिथं न दुखणारी जखम झाली तर आठवडी बाजारातल्या तंबूवाल्या वैद्याची पुडी घ्या. जखम तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरेल, आणि पुडीला यश येईल. हीच गरमीची, म्हणजे सिफिलिसची, खुबी. ती आत जाते, पुढे तळहात-तळपायावर पुरळ देते, वर्षांनी काळजाला आणि मेंदूला भेट देते. सुरुवातीला ती बेंझाथीन पेनिसिलिनच्या 24 लाख युनिटच्या एका सुईनं जाते, पण ती सुई घ्यायला रक्त तपासावं लागतं, आणि तपासायचं तर जिल्ह्याच्या दवाखान्यात सुरक्षा क्लिनिकच्या खोलीत शिरावं लागतं. तिथं कोणी ओळखीचं दिसलं तर?

बायकोला तर सांगूच नका. तुम्ही एकट्यानं औषध घ्या, आठ दिवसांनी तिच्याकडूनच परत मिळेल. तिच्या अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, ते उष्णतेनं, निंदणाला वाकून, वयानं. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत 650 बायका तपासल्या तेव्हा 92 टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला, आणि आधी कधी तपासून घेतलेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. हा अभ्यास 1989 मध्ये लॅन्सेट या विलायतेच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. म्हणजे आमच्या बाया कमरेवर हात ठेवून काय म्हणतात ते पार विलायतेला कळलं, घरच्या ओसरीवर मात्र अजून पोचायचं आहे.

आशाताईनं दिलेले निरोध पोरांना फुगे म्हणून द्या, बारशाला उपयोगी पडतात. एड्सच्या माहितीसाठीच्या 1097 या सरकारी नंबरला फोन लावू नका, तो फुकट आहे आणि नाव विचारत नाही, असल्या गोष्टीचा भरोसा काय!

एवढं करूनही कोणी ओढत ग्रामीण रुग्णालयात नेलंच, तर रांगेत भिंतीकडे तोंड करून उभे राहा. मी उभा होतो. पुढचा माणूस वळला, तर ज्यानं मला ट्यूबचं नाव सांगितलं होतं तोच.

‘‘बीपी दाखवाले आलो,’’ तो म्हणाला.

‘‘मीबी,’’ मी म्हणालो.

आणि दोघांनी, बीपीच ते, खिशात हात घालून हळूच खाजवलं.