शेड, गॅरेज आणि बाबांची बाल्कनी

आमच्या फॅमिली ग्रुपवर गेला आठवडाभर एकच विषय चाललाय, माझ्या आतेभावाच्या सोसायटीतली पत्र्याची शेड. पुण्यातली जुनी सोसायटी, पार्किंग अपुरं, म्हणून साइड मार्जिनमध्ये, म्हणजे इमारतीच्या बाजूला मोकळी सोडायच्या जागेत, सहा गाड्यांची शेड ठोकली, महापालिकेची नोटीस आली, आणि आता सगळ्यांचं म्हणणं काय तर घाबरायचं नाही, दंड भरून नियमित करून घेऊ, सगळेच करतात. हे 'सगळेच करतात' वाचलं की माझं डोकं फिरतं. इथे न्यू जर्सीत रात्रीचे अकरा वाजलेले, डिशवॉशर लावायचा राहिलेला, आणि मी अंगठ्याने निबंध टाइप करतेय.

कारण आम्ही विचारून बांधलंय ना! दोन वर्षांपूर्वी एका गाडीचं गॅरेज दोन गाड्यांचं करायचं होतं. आमच्या टाऊनचा नियम, बाजूच्या हद्दीपासून 10 फूट सोडा. आमचे 6 च उरत होते. त्या 4 फुटांसाठी झोनिंग बोर्डाकडे, म्हणजे कुठे काय आणि किती बांधायचं हे बघणाऱ्या टाऊनच्या मंडळाकडे, व्हेरियन्स, म्हणजे नियमातून सूट मागायची. 200 फुटांच्या आतल्या प्रत्येक मालकाला सुनावणीच्या किमान 10 दिवस आधी नोटीस, वर पेपरात जाहिरात. टाऊनने यादी दिली, 37 नावं. एक अख्खा रविवार मी आणि नवरा डायनिंग टेबलावर सर्टिफाइड मेलची हिरवी पोचपावतीची कार्डं पाकिटांना चिकटवत बसलो होतो. लग्नाच्या पत्रिकांनंतर एवढी पाकिटं मी केली नव्हती.

सुनावणीत आमच्या आधी एका दातांच्या दवाखान्याच्या पाटीचा अर्ज होता. पाटी नियमापेक्षा जराशी मोठी, आतून दिवा लागणारी. त्यावर पाऊण तास! दिवा रात्री किती वाजता बंद करणार, समोरच्यांच्या बेडरूममध्ये उजेड येईल का. आणि आपल्याकडे? घाटकोपरला 13 मे 2024 ला होर्डिंग कोसळलं, 17 माणसं गेली. मर्यादा 40 बाय 40 फुटांची आणि उभं होतं 120 बाय 120 च्या आसपास. हे मी ग्रुपवर लिहिलंच. मावशीने हात जोडल्याचा इमोजी टाकला आणि खाली कोणीतरी विचारलं, शेडचं काय ठरलं मग?

मग मी हार्डशिपवर आले, म्हणजे सूट मागताना दाखवावी लागणारी अडचण, माझा आवडता मुद्दा. इथे 'दोन गाड्या आहेत, थंडीत काच खरवडायचा कंटाळा येतो' असलं कारण बोर्डापुढे चालत नाही. अडचण जमिनीची लागते, माणसाची नाही. प्लॉट अरुंद आहे, आकार वेडावाकडा आहे, उतार आहे, असं काही. आणि स्वतःच ओढवून घेतलेली अडचण असेल तर बसा. (आमचा प्लॉट मागे निमुळता होत जातो, देव पावला.) आपल्याकडे मात्र आधी बांधा, कायदा मागून चालत येतोच. गुंठेवारीचं बघा, गुंठ्यागुंठ्याने तुकडे पाडून विकलेल्या जमिनींवरची बेकायदा बांधकामं नियमित करणारा 2001 चा कायदा, 1 जानेवारी 2001 पर्यंतच्यांसाठी होता, 2021 मध्ये ती तारीख ओढत ओढत 31 डिसेंबर 2020 वर नेली. मग पुढचा माणूस कशाला थांबेल हो? 2025 च्या मे मध्ये परिवहन मंत्री म्हणाले की पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी नाही, तर सगळे चिडले. जपानात असा कायदा 1962 पासून आहे. जपानला मी कधी गेलेले नाही, पण मुद्दा बरोबर आहे.

आतेभाऊ पडला वकील. तो शांतपणे लिहितो, ताई, माउंट लॉरेल हे गाव तुझ्याच राज्यातलं ना? त्याच्याच खटल्यात 1975 साली न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं होतं की गावांनी झोनिंग वापरून कमी उत्पन्नाच्या लोकांना बाहेर ठेवू नये. मोठे प्लॉट, मोठी घरं, प्रत्येकाला पार्किंग, म्हणजे ज्याला परवडत नाही तो आपोआप बाहेर. मी अंगठ्याचा इमोजी टाकून विषय बदलणार होते, तेवढ्यात त्याचा पुढचा मेसेज. 'आणि मामाची बाल्कनी?'

तर बाबांची बाल्कनी. मी आठवीत असताना त्यांनी ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या लावून ती बंद करून घेतली, कोणाला विचारलं नाही. दोन खोल्यांत आम्ही पाच जण, मला अभ्यासाला जागा नव्हती. दहावी, बारावी, इंजिनिअरिंग, जीआरई, सगळं त्या चार बाय दहाच्या पट्टीत झालं. पावसात खिडकीच्या खाचेत पाणी साचायचं, ते मी जुन्या रुमालाने टिपायचे आणि मग पुस्तक उघडायचे. नकाशात ती बाल्कनी अजून उघडीच आहे. म्हणजे अडचण माणसाचीच होती, जमिनीची नव्हे. बोर्डाने हाकलून दिलं असतं.

आणि खिडक्या बसवायला माणूस आला त्या दिवशी तासाभरात वरच्या काकू खाली हजर, काय गं, काय चाललंय, आणि जाताना चहा पिऊन गेल्या. ती आमची नोटीस. इथे 37 पाकिटं गेली, सुनावणीला एकच जण आला, पलीकडचे आजोबा. छपराचं पाणी माझ्याकडे येणार नाही ना, एवढंच त्यांचं होतं, पाइपचं तोंड फिरवायची अट घालून बोर्डाने मंजुरी दिली. बाहेर पार्किंग लॉटमध्ये त्यांनी मला नाव विचारलं, दोनदा म्हणून बघितलं, जमलं नाही, हसले. अकरा वर्षं आमच्या घराला घर लागून आहे त्यांचं.

आतेभावाला मी अजून उत्तर दिलेलं नाही. शेड बेकायदाच आहे, त्यावर मी ठाम आहे. पुढच्या महिन्यात जातेय पुण्याला, आई म्हणाली हॉलमध्ये एसी लावलाय, तिथे झोप. मी म्हटलं नको, माझी गादी बाल्कनीतच घाल.