दोनशे एमबीपीएस असतील, पण कोणाकडे?

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला. पाचव्यांदा तो आमच्या एका गिऱ्हाइकानेच पाठवला, खाली अंगठ्यासकट. मजकूर थोडक्यात असा: पुण्यात आता घरोघरी फायबर आहे, स्पीड टेस्ट लावली की शंभर-दोनशे एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट, म्हणजे नेटचा वेग) सहज दिसतात, ५जी आहेच, तेव्हा ‘वेबसाइट हलकी ठेवा’ म्हणणारे डिझायनर अजून सायबर कॅफेच्या जमान्यात अडकलेत. हलकी साइट म्हणजे रुक्ष साइट, बिनधास्त व्हिडिओ लावा, आणि ज्याला उघडत नाही त्याने प्लॅन बदलावा. या गिऱ्हाइकाचं कोथरूडला मंगल कार्यालय आहे. त्यांच्या साइटवर उघडल्या उघडल्या सुरू होणारा ड्रोनचा व्हिडिओ काढा असं मी सुचवलं होतं, त्याला हे उत्तर. सायबर कॅफेचा जमाना मी पाहिलाय, तेवढं मान्य. बाकीचं एकेक करून बघू.

आधी स्पीड टेस्ट. तो आकडा खोटा नसतो, फक्त भलत्याच प्रश्नाचं उत्तर असतो. टेस्ट बहुधा तुमच्या जवळचा सर्व्हर निवडते, कित्येकदा तुमच्या इंटरनेटवाल्याच्याच नेटवर्कमधला. एकाच वेळी अनेक कनेक्शनं उघडून तुमची लाइन पूर्ण भरते आणि मग मोजते. फास्ट डॉट कॉम ही नेटफ्लिक्सची टेस्ट, ती नेटफ्लिक्सच्या सर्व्हरपासून मोजते. तुम्ही एका टेस्टवर मोजलंत, वरच्या मजल्यावरच्यांनी दुसरीवर, तर जिन्यात उभं राहून ‘आमचं तुमच्यापेक्षा फास्ट’ म्हणण्यात काही अर्थ उरत नाही. वेळही बघायची असते. घरगुती फायबरच्या प्रचलित जीपॉन पद्धतीत एका तारेवरचे सुमारे २.५ जीबीपीएस, म्हणजे अडीच हजार एमबीपीएस, बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटले जातात. दुपारी तीनला मोजणारा आणि रात्री नऊला मॅच लागलेली असताना मोजणारा, दोघांच्या पदरात सारखं कसं पडेल?

त्यात घरातल्या घरातही फरक. माझ्या मामांचं घर सदाशिव पेठेत, जुन्या वाड्यातलं. प्लॅन शंभरचा. बाहेरच्या खोलीत राउटरशेजारी फोन धरला तर ९४ दाखवतो. मधल्या खोलीत ३८. स्वयंपाकघरात, म्हणजे जिथे मामीचा दिवस जातो तिथे, ४. भिंती हातभर जाड. वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा वेगवान पट्टा तिथवर टिकत नाही, फोन गुपचूप २.४ च्या संथ पट्ट्यावर उतरतो, आणि त्या पट्ट्यात अख्ख्या गल्लीतले राउटर एकमेकांवर ओरडत असतात. मामा सांगतात, आमच्याकडे शंभर आहे. मामी म्हणते, नेट चालत नाही. दोघंही खरंच बोलतात.

मेसेजमधलं दुसरं गृहीतक असं की एमबीपीएस वाढले की पान त्याच पटीत लवकर उघडतं. एक्सप्रेस वेला लेन वाढवल्या म्हणून दादर पुण्याच्या जवळ सरकत नाही. वेबसाइटचा सर्व्हर अमेरिकेत असेल तर निरोप जाऊन उत्तर यायला पाव सेकंदाच्या आसपास लागतो. नवं कनेक्शन जोडायला एक फेरी, सुरक्षित जोडणी ठरवायला किमान एक, मग पान मागायला आणखी एक. पाऊण सेकंद गेला, तेव्हा कुठे पहिलं अक्षर येतं. त्यातही सर्व्हर पहिल्या हप्त्यात साधारण दहा पाकिटं, म्हणजे १४ केबीच्या आसपास पाठवतो. पोच मिळाली की पुढच्या हप्त्यात जास्त. या फेऱ्या वीसच्या प्लॅनवर तेवढ्याच आणि पाचशेच्या प्लॅनवरही तेवढ्याच. आणि पान आल्यावर त्यातली जावास्क्रिप्ट, म्हणजे पान हलतं-चालतं करणारा कोड, चालवायची असते ती फोनच्या प्रोसेसरने. आठ हजारांच्या फोनला फायबर लावून तो प्रोसेसर काही तरुण होत नाही.

आता ‘घरोघरी’. सरकारी व्याख्येनुसार २ एमबीपीएस मिळाले की ते ब्रॉडबँड. ही सुधारणाही २०२३ ची, त्याआधी ५१२ केबीपीएस पुरत होते. दूरसंचार नियामक ट्रायच्या आकडेवारीत ब्रॉडबँड ग्राहक म्हणून जे मोजले जातात त्यातले दहांतले नऊहून जास्त मोबाइलवर आहेत, तारेवर नाहीत.

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या ताईंना परवा मुलीच्या शाळाप्रवेशाचा फॉर्म भरायचा होता. संध्याकाळी सातची वेळ. रोजचा दीड जीबी दुपारीच संपलेला, मुलांच्या कार्टूनमध्ये. तो संपला की त्यांच्या प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. ताई ओट्याशी फोन टेकवून उभ्या, स्क्रीनवर पांढरं पान आणि गोल गोल फिरणारी चकती. पोळपाट धुऊन झालं, तवा धुऊन झाला, चकती फिरतीच. मी तेच पान लॅपटॉपवर उघडून ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये, जिथे काय काय डाउनलोड झालं ते दिसतं, वजन बघितलं. पहिलं पान ११ एमबी. वर स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ, त्याखाली ट्रॉफ्यांचे फोटो, थेट कॅमेऱ्यातून उचललेले. फॉर्मची लिंक सगळ्यात खाली. गणित करा: वेग बिटांत मोजतात, फाइल बाइटांत, आणि आठ बिटांचा एक बाइट; तेव्हा ६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ८ केबी, म्हणजे ११ एमबीला तेवीस मिनिटं, तीही मध्ये काही तुटलं नाही तर. मूळ फॉर्म होता ४० केबीचा. पाच सेकंदांचं काम.

त्या ताई पुण्यातल्याच धायरीच्या. कुठल्या दुर्गम पाड्यावरच्या नाहीत. त्यांना ‘प्लॅन बदला’ सांगणाऱ्याने आधी त्यांचा महिन्याचा हिशोब बघावा.

मेसेजसोबत गिऱ्हाइकाने स्वतःची भर घातली होती: आमच्या साइटचे आकडे बघा, येणाऱ्या सगळ्यांना तीन सेकंदांत उघडते. मला सगळ्यात घातक वाटतं ते हेच. ज्याला उघडलीच नाही तो तुमच्या आकड्यांत येणार कसा? मोजणी करणारी स्क्रिप्टही त्याच जड पानातून यायची असते, तिच्याआधीच माणूस निघून गेलेला असतो. यूट्यूबमध्ये २००९ साली क्रिस झकारायस या इंजिनिअरने व्हिडिओचं पान १.२ एमबीवरून ९८ केबीवर आणलं. काही लोकांना ते दाखवून मोजलं, तर पान उघडायचा सरासरी वेळ चक्क वाढला होता. कारण शोधल्यावर सापडलं. आग्नेय आशिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, सायबेरिया इथले लोक, ज्यांना आधीचं पान उघडायला वीस मिनिटं लागायची म्हणून जे फिरकतच नव्हते, ते आता दोन मिनिटांत पान उघडून व्हिडिओ बघायला लागले होते. सरासरी त्यांनी बिघडवली. त्या आधीची छान सरासरी त्यांच्या गैरहजेरीची होती.

५जीबद्दल फार बोलत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये देशात आलं, चांगलं चालतं. फोन ५जीचा हवा आणि माणूस तळघरात नको.

राहिला ‘हलकी साइट म्हणजे रुक्ष साइट’ हा टोमणा. यात थोडं तथ्य आहे, आमच्यातले काही जण हलकेपणाच्या नावाखाली सरकारी नोटीस बनवतात. फोटोग्राफरच्या साइटवर मोठे फोटो हवेतच. पण ते वेबपी या कमी जागा घेणाऱ्या फाइल-प्रकारात, फोनच्या रुंदीचे, आणि खाली सरकल्यावर येणारे असावेत. चार एमबीचा फोटो दोनशे केबीत बसतो आणि नवरीच्या नथीतला मोती तसाच चमकतो. मराठी साइटवाल्यांनी फाँटकडेही बघावं. जोडाक्षरांमुळे देवनागरी फाँटात शेकडो आकार जास्तीचे असतात, फाइल रोमनपेक्षा कितीतरी जड होते, आणि आपण हौसेने त्याची जाड-बारीक अशी पाच वजनं लावतो. दोन पुरतात. फाँट येईपर्यंत फोनमधल्याच अक्षरात मजकूर दिसू दे, एवढी एक ओळ सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, घालायला पैसे पडत नाहीत.

कार्यालयवाल्यांना मी हे सगळं पाठवलं नाही. एवढंच म्हटलं, वायफाय बंद करा, तुमच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये जा आणि स्वतःची साइट उघडा, कारण हॉल बघायला आलेली माणसं गाडी लावतानाच तुमचे दर शोधतात. वीस मिनिटांनी फोन आला. व्हिडिओ ठेवायचाय, पण दाबल्यावर सुरू होईल असा, आणि दरपत्रक सगळ्यात वर.