मृतांना चार लाखांची मदत

'मृतांना प्रत्येकी चार लाखांची मदत' हे हेडिंग आज परत दिसलं आणि चहा पिता पिता हसू आलं, मेलेला माणूस चेक घ्यायला तहसीलमध्ये जाणार का? मदत वारसांना असते हो. पण हसलो नि लगेच गप्प झालो, कारण पेपरच्या डेस्कवर, म्हणजे बातम्या नि हेडिंगं लावायच्या कामावर होतो तेव्हा मीही हे दोनदा लावलंय. दोन कॉलमात 'मृतांच्या वारसांना' मावत नाही, रात्रीचा एक वाजलेला, पान सोडा पान सोडा (म्हणजे छपाईला पाठवा) म्हणून ओरड चाललेली, मग बळी जातो तो वारसांचा.

बातमी दोघंतिघं तपासतात, हेडिंग मात्र सगळे नुसतं बघतात. अक्षर एवढं मोठं, चूक असती तर दिसली असती असं प्रत्येकाला वाटतं. ६ सप्टेंबरच्या अंकात आमच्याकडे एकदा 'शिक्षक दीन उत्साहात साजरा' गेलं, आत मजकुरात सगळीकडे दिन बरोबर! एका गुरुजींचा फोन आला, म्हणाले चुकलं कुठं, तीन महिने पगार नाही.

स्पेलचेक इथं काही कामाचा नाही, त्याच्या लेखी दीन पण बरोबर. 'बिबट्याचा हल्ल्यात' मध्येही त्याला काही खुपत नाही, चा आणि च्या दोन्ही शब्द खरेच ना. आणि श्रीलिपी या जुन्या फाँटातला मजकूर युनिकोडमध्ये नेताना रफार उडी मारतो, सर्व चं सवर् होतं, ते तर वेगळंच दुखणं.

हल्ली 'नेमकं काय म्हणाले? वाचा' टाइप हेडिंगांचा मला मनापासून राग येतो. प्रश्न विचारायला हरकत नाही, टिळकांनी १८९७ मध्ये केसरीत 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' असं विचारलंच की, पण त्यात बाजू कळते, कुणाला झापलंय ते कळतं. आताच्या प्रश्नात बातमीच लपवून ठेवलेली असते, क्लिक कर मग सांगतो. हा काय लपंडाव आहे का.

आमचे एक सीनियर मुख्य हेडिंग ऑफिसातल्या शिपायाला मोठ्यानं वाचायला लावायचे, तो अडखळला की बदलायचं, वाद नाही. आकडेही तेव्हाच बघायचे, मथळ्यात पाच ठार आणि आत सहा, हे तर नेहमीचंच. ते मृत-मदतवालं मी तिसऱ्यांदा लावत होतो तेव्हा त्या शिपायानं वाचलं, थांबला आणि म्हणाला, 'साहेब, मेलेल्याला पैसे कशाला?' मग अक्षराचा आकार ४८ पॉइंटवरून ४० वर आणला आणि वारसांना बसवलं.