खुलासा: राहते घर असले तरी ‘एक्स्ट्रा हेल्प’ मिळू शकते

अमेरिकेत मेडिकेअरवर (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) असलेल्या आपल्या ज्येष्ठांमध्ये “स्वतःचे घर किंवा गाडी असेल तर औषधखर्चात सवलत देणारी सरकारी ‘एक्स्ट्रा हेल्प’ मिळत नाही” असा निरोप फिरत आहे. तो चुकीचा आहे. ही मदत मंजूर करणाऱ्या सोशल सिक्युरिटी या सरकारी खात्याच्या अर्जातच स्पष्ट लिहिले आहे की राहते घर, वाहन, आयुर्विमा आणि घरातील चीजवस्तू मालमत्तेत धरायच्या नाहीत. बँकेतील शिल्लक, शेअर, निवृत्तिखाते आणि राहत्या घराखेरीजची स्थावर मालमत्ता मात्र धरली जाते. २०२५ साठी तिची मर्यादा अंत्यविधीची तजवीज धरून एकट्या व्यक्तीस १७,६०० आणि जोडप्यास ३५,१३० डॉलर होती. उत्पन्नाची अट वेगळी आहे. या निरोपावर विसंबून कोणी रक्तदाबाची गोळी दिवसाआड घेत असेल, या विचाराने जीव तुटतो. अर्ज विनामूल्य आहे, तो अवश्य करावा आणि कृपया तो चुकीचा निरोप पुढे पाठवू नये.