विलंबित श्रोत्यांसाठी द्रुत मार्गदर्शन

रेडिओवर शास्त्रीय संगीत ऐकायची खोड तुम्हाला अजूनही असेल, तर आधी कबूल करा की चूक तुमचीच आहे. केंद्राने वेळ बदलली, कार्यक्रमाचं नाव बदललं, निवेदक बदलले, तासाभराची सभा वीस मिनिटांवर आणली. एवढ्या उलथापालथीत जागचे हलला नाहीत ते फक्त तुम्ही. रात्री ठरल्या वेळी संच लावता, तिथे कुणीतरी पहिल्या पावसाबद्दल खिदळत बोलत असतं, आणि तुम्ही आधी घड्याळ बघता, मग संचावर दोन थापा मारता. संच ठीक आहे हो. घड्याळही ठीक आहे.

तेव्हा नव्या व्यवस्थेत नांदायचं कसं, याबद्दल अनुभवाचे चार शब्द.

तुमचं पहिलं रडगाणं लांबीचं असणार. जरा हिशेब मांडा. अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ, एकतालात बारा मात्रा, एकेका मात्रेला चार-पाच सेकंद. म्हणजे एका आवर्तनाला मिनिटभर लागतं. हल्ली मैफलीतून कापून लावतात त्या चार मिनिटांच्या तुकड्यात चार वेळा समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येता येईल. माणसाला आणखी काय हवं? पूर्वी गायक गांधारावर रेंगाळायचा, मध्यम दाखवतो-न दाखवतोसं करून मागे फिरायचा, आणि तुम्ही डोळे मिटून वाट बघत बसायचात. आता ती वाट यादी लावणारा संगणक तुमच्या वतीने बघतो आणि एकदम तानेवर, म्हणजे सुरांच्या वेगवान सरीवर, आणून सोडतो. तान ज्या शांततेतून उठली ती कानावर पडलीच नाही, तर ती नुसतीच धावपळ वाटते, असं म्हणणारे काही जुने जाणते असतात. त्यांना धावपळीचा तिटकारा आहे, एवढाच त्याचा अर्थ.

कुणी फारच कुरकुर केली तर 1902 सालचा दाखला द्या. त्या वर्षी कलकत्त्यात गायिका गौहरजान यांनी ग्रामोफोन कंपनीसाठी ध्वनिमुद्रण केलं आणि तीनेक मिनिटांच्या तबकडीत राग मांडून दाखवला. पुढे कित्येक वर्षं 78 फेऱ्यांच्या तबकड्यांवर मोठमोठे उस्ताद आणि पंडित तेच करत आले. दाखला बिनतोड आहे. फक्त एक बारीकशी बाब चुकूनही बोलू नका: त्या लोकांनी तीन मिनिटांसाठी तीन मिनिटांचं गाणं बांधलं होतं, पन्नास मिनिटांच्या गाण्याला कात्री लावली नव्हती. लहान मुलासाठी सदरा शिवणं वेगळं, आणि थोरल्याच्या सदऱ्याची बाही कापून ती त्याच्या अंगावर चढवणं वेगळं. पण हे वेगळेपण ओळखायला शिंपी लागतो, आणि त्याची जागा बहुधा रिकामी आहे.

याच गौहरजान गाणं संपताना आपलं नाव मोठ्याने सांगायच्या. तबकड्या जर्मनीत छापल्या जायच्या आणि तिथल्या कारागिरांना कोणाची कोणती ते कळावं, म्हणून ही युक्ती. ती पुन्हा सुरू करावी असं मला फार वाटतं, कारण हल्ली गायकाचं नाव कळणं हा नशिबाचा भाग आहे, आणि तबल्यावर कोण होतं हे तर तबलजीच्या घरचेच सांगू शकतील. अडचण एवढीच की नाव सांगायचं ते शेवटी, आणि शेवट कापलेला असतो.

निवेदकांवर मात्र रागावू नका. त्यांच्यासमोरची यादी रोमन लिपीत असते, त्यामुळे तोडीचा 'टोडी' आणि दरबारीचा 'डरबारी' होणं भागच आहे. जोग आणि जोगकंस एकाच घरातले समजून एकाचं नाव दुसऱ्याला दिलं जाणं हेही क्षम्य. कधी काही म्हणजे काहीच न सांगता 'हे होतं एक सुंदर शास्त्रीय गाणं' एवढ्यावर भागवलं जातं. हे मला सर्वांत प्रामाणिक वाटतं. पूर्वीचे निवेदक कोरड्या आवाजात राग, ताल, बंदिशीचे बोल, साथीदार असं सगळं सांगायचे आणि गप्प व्हायचे. त्या गप्प होण्यात तानपुरा ऐकू यायचा. आता शांततेचे तीन सेकंद झाले की यंत्रणेला वाटतं प्रसारण बंद पडलं, म्हणून जिंगल वाजते.

मग येतो ताणाचा मुद्दा. शास्त्रीय संगीत ताण घालवण्यासाठी असतं, हे एकदा मनावर बिंबवून घ्या, कारण दर वीस मिनिटांनी तुम्हाला ते सांगितलं जाणार आहे. डोळे मिटा, खोल श्वास घ्या, आणि ऐका मारवा! आता मारवा ऐकून कुणाचा ताण गेल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. तो राग षड्जाला, म्हणजे मूळ 'सा'ला, बगल देत कोमल रिषभ आणि धैवतावर असा काही टांगून ठेवतो की सा कधी लागतो म्हणून जीव कासावीस होतो. लोक तो ऐकतात तेच या कासावीस होण्यासाठी. पण तुम्ही हे समजावत बसू नका. सांगितल्याप्रमाणे श्वास घ्या. सोडायचं कधी ते सांगितलेलं नसतं, तेव्हा षड्ज लागल्यावर सोडा. तोवर तुकडा संपलेला असेल हा धोका पत्करून.

सकाळचा भैरव रात्री अकराला लागतो, ही दुसरी ओरड. यावर खरं तर तुमची बाजू जितकी पक्की वाटते तितकी नाही. कर्नाटक पद्धतीत मैफलीत रागाच्या वेळेचा एवढा बाऊ कुणी करत नाही, आणि तिथलं संगीत काही बुडालेलं नाही. यादी लावणाऱ्या संगणकाला हा युक्तिवाद ठाऊक नसेल, पण तो त्यानुसार वागतो. तरीही एक गोष्ट मनात ठेवा, बोलू नका. मैफली बहुतेक संध्याकाळी होतात. सारंगाचे प्रकार, भीमपलास, मुलतानी हे दुपारचे राग. ते मैफलीत गायचे कधी? त्यांना त्यांची वेळ देणारी जागा म्हणजे रेडिओची दुपारची सभा. ऑफिसातला माणूस ती ऐकू शकत नसे हे खरं, पण आजारी पडल्यावर ऐकायचा. माझा मुलतानी असा तापात झालेला आहे.

आता 'जुने दिवस किती चांगले' या तुमच्या आवडत्या प्रकरणाकडे येऊ. श्रोत्याला न विचारता बदल करणं हेही एक घराणंच आहे, आणि चांगलं जुनं घराणं आहे. ऑल इंडिया रेडिओने 1940 मध्ये हार्मोनियम परकी ठरवून स्टुडिओबाहेर काढली, ती बंदी उठायला 1971 साल उजाडलं. तेव्हा तुमच्यासारख्याच शुद्धतावाद्यांनी मान डोलावली होती. 1952 मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. लोकांनी चांगलं ऐकावं म्हणून त्यांनी फिल्मी गाणी जवळजवळ हद्दपार केली. लोकांनी रेडिओचा काटा फिरवून फिल्मी गाणी लावणारं रेडिओ सिलोन लावलं. अखेर 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती सुरू करून सरकारने फिल्मी गाण्यांना मागच्या दाराने नव्हे, चांगलं पुढच्या दाराने आत घेतलं. म्हणजे श्रोत्यांचं ऐकायला पाचेक वर्षं लागतात, आणि तेही श्रोते शेजारच्या देशात गेल्यावर. तुमचं ऐकलं जावं असं वाटत असेल तर आधी हे ठरवा की तुम्ही जाणार कुठे.

पण याच केसकरांच्या काळात, 20 जुलै 1952 ला, संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. शनिवारची रात्र, दीड तास, एक कलाकार, देशभरातल्या केंद्रांवर एकाच वेळी. 1954 पासून संगीत संमेलनं आली. हुकूमशाहीच म्हणायची, पण त्या हुकूमशाहीत तुम्हाला न आवडणारी गोष्ट दीड तास ऐकवत. आताच्या लोकशाहीत तुम्हाला आवडतंय असं धरून चार मिनिटं ऐकवतात.

परदेशात तरी बरं असेल, हा भ्रमही सोडा. विविध भारती सुरू झाली त्याच 1957 साली बीबीसीने आपल्या 'थर्ड प्रोग्रॅम'च्या वेळेला कात्री लावली. ती वाहिनी म्हणजे तिथल्या गंभीर संगीताचं आणि साहित्याचं घर. बचावासाठी रीतसर संस्था निघाली, कवी टी. एस. एलियट आणि संगीतकार व्हॉन विल्यम्स यांच्यासारखी माणसं बाजूने उभी राहिली. वेळ कमी व्हायचा तो झालाच. त्यांच्याकडे एलियट होते. तुमच्याकडे व्हॉट्सअ‍ॅपचा गट आहे, त्यातले निम्मे सुप्रभात म्हणण्यापुरते उरलेत.

तरी पत्र लिहायची हौस असेल तर जरूर लिहा. मीही लिहिलं होतं, एका केंद्राला, मुद्देसूद, दोन पानी. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: सूचनेची नोंद घेतली आहे, तथापि सदर बदल श्रोत्यांच्या आग्रहास्तव केला आहे. हे श्रोते कोण, याचा मी बराच शोध घेतला. एकही भेटला नाही. आग्रह करण्याआधी त्यांनी ऐकणं सोडलेलं असावं.

सगळ्यावरचं रामबाण उत्तर मात्र वेगळंच आहे: 'तुमच्यासाठी चोवीस तासांची स्वतंत्र वाहिनी आहे ना!' आहे, खरंच आहे. आकाशवाणीची 'रागम्' 26 जानेवारी 2016 पासून चालू आहे, डीटीएचवर आणि अ‍ॅपवर मिळते. मी ऐकतो, तुम्हीही ऐका. पण ती ऐकण्यासाठी आधी मला शास्त्रीय संगीत ऐकायचं आहे हे मला माहीत असावं लागतं. मला कुठे माहीत होतं? मी बातम्यांची वाट बघत होतो. बातम्यांना नऊ मिनिटं होती, आणि ती भरून काढायला कुणीतरी सारंगी लावली. कोणाची, कोणता राग, काही सांगितलं नाही. बातम्या लागल्यावर ती मधेच तोडली. मी चिडलो. ज्या वाद्याचं नाव मला येत नव्हतं ते तोडलं म्हणून चिडलो, हे लक्षात यायला थोडा वेळ लागला. तेव्हापासून हा रोग आहे. आता त्या नऊ मिनिटांत जाहिराती असतात, आणि संगीत ज्यांना आधीच लागलेलं आहे त्यांच्यासाठी स्वतंत्र कक्षात ठेवलेलं असतं. साथ पसरू नये म्हणून करतात तशी चोख व्यवस्था आहे.

शेवटी एक सावधगिरीची सूचना. मागे एकदा रात्री साडेदहाला एका केंद्रावर मारवा लागला. म्हणजे वेळ चुकलेलीच. मी चार मिनिटं धरून बसलो. चारची सहा झाली. जिंगल नाही, पाऊस नाही, कुणी श्वास घ्यायला सांगेना. बहुधा यंत्रणा कुठेतरी अडकली असावी, किंवा पाळीवरच्या माणसाचा डोळा लागला असावा. पंचवीसाव्या मिनिटाला गायकाने षड्ज लावला, आणि मी एवढ्या वेळात पहिल्यांदाच खुर्चीत मागे टेकलो. द्रुत बंदिश झाली, तराणा झाला, टाळ्या झाल्या, टाळ्यांनंतर कुणीतरी खोकलं तेही ऐकू आलं.

असं तुमच्या वाट्याला आलं, तर दुसऱ्या दिवशी केंद्राला फोन करू नका. कौतुकाचा तर मुळीच नको. कुणीतरी तपासायला जाईल.