मुंग्या पायात, तपासणी लघवीची

उन्हाळा लागला की नागपूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो. शुगरवाल्यांच्या पायाला मुंग्या येतात त्या अशक्तपणामुळे, किडनीशी त्याचा संबंध नाही. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी गाळून टाकते ती रक्तातली घाण, नॉर्मल म्हणजे किडनी ठणठणीत. किडनी खराब करते ती मेटफॉर्मिन, शुगरची गोळी. तेव्हा गोळी सोडा, दुखलं तर पेनकिलर घ्या आणि अनवाणी चाला.

संबंध कसा नाही? वर्षानुवर्षं वाढलेली साखर बारीक रक्तवाहिन्या बिघडवते. पायाच्या नसा जगतात अशा वाहिन्यांवर, किडनीतली गाळणी तर त्यांचीच बनलेली. म्हणून दोन्ही आजार पुष्कळदा जोडीनं निघतात. एक सापडला म्हणजे दुसरा असेलच असं नाही, पण शोधायला हवाच. मूत्राशयाच्या नसा बधिर झाल्या तर लघवी पूर्ण होत नाही, साचते, जंतुसंसर्ग वर किडनीपर्यंत जाऊ शकतो. उलट, किडनी फार खालावली की रक्तात साठलेली घाण नसांना आणखी मारते.

क्रिएटिनिनवर विसंबणं तर भाबडेपणाच. किडनीचं निम्म्याच्या आसपास काम गेलं तरी तो आकडा नॉर्मल दिसू शकतो. त्याच्या कितीतरी आधी लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जाऊ लागतं. लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर 30 (मिलिग्रॅम प्रति ग्रॅम) च्या वर गेलं की डॉक्टर सावध होतात. टाइप 2 मध्ये ही तपासणी निदान झाल्यापासून दरवर्षी करायची असते.

मेटफॉर्मिन किडनी बिघडवत नाही. ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते ते सांगणारा आकडा, 30 च्या खाली गेला की ती बंद करतात, त्यावरून लोकांनी उलटा अर्थ काढला. एक मात्र खरं, ती बरीच वर्षं घेतली की बी-12 जीवनसत्त्व कमी होऊ शकतं आणि त्यानंही मुंग्या येतात. ते रक्त तपासून कळतं, गोळी सोडून नाही.

खरा घातक सल्ला पेनकिलरचा. मे महिन्यात पारा 45 च्या घरात, अंगातलं पाणी घामावाटे गेलेलं, त्यात मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅक! किडनीचा रक्तपुरवठा आधीच आटलेला, ही गोळी तो आणखी घटवते. बरं, नसांच्या दुखण्यावर तिचा फारसा उपयोगही नाही. त्यासाठीची प्रीगॅबालिनसारखी औषधं वेगळी, आणि त्यांचाही डोस किडनी बघूनच ठरतो.

अनवाणी चालायचं म्हणाल तर दुपारी टेकडी गणपतीला चपला काढून फरशीवर पाय ठेवून बघा. धडधाकट माणूस टुणकन उडी मारतो. बधिर पायाला चटकाच कळत नाही, फोड दिसतो तो घरी पाय धुताना. डायलिसिसवरच्या रुग्णाची अशी जखम लवकर भरत नाही, चिघळली तर बोट कापायची वेळ येते.