बॅटरीची किंमत विकतानाच सांगा

महागडा व्हॅक्यूम क्लीनर विकताना शोरूममध्ये सगळं सांगतात. मोटर मिनिटाला किती फेरे घेते, फिल्टर किती बारीक धूळ अडवतो, महिन्याला हप्ता किती पडेल. बॅटरी बसल्यावर नवीन केवढ्याला मिळेल, हे मात्र कुणी सांगत नाही. बऱ्याचदा सांगणाऱ्यालाही ते ठाऊक नसतं. माझं म्हणणं एवढंच आहे की ही किंमत विकतानाच, छापील स्वरूपात सांगणं कंपनीवर बंधनकारक व्हायला हवं. बॅटरीची, आणि सोबत ब्रशची, फिल्टरची, चार्जरची, खटक्याचीही.

आमच्या घरी कॉर्डलेस मशीन आलं ते आईसाठी. तिला धुळीची ॲलर्जी आहे, शेजारच्या प्लॉटवर टॉवर उभा राहतोय, आणि झाडू फिरवला की जमिनीवरची धूळ हवेत जाऊन पुन्हा खालीच बसते. मशीनने तिचा त्रास खरोखर कमी झाला. गाद्या, पडदे, सोफ्याच्या फटी, सगळं निघतं. म्हणजे माझी तक्रार मशीनच्या कामाबद्दल नाही, आणि म्हणूनच ते टिकावं असं मला वाटतं.

वॉरंटी संपल्यावर काही महिन्यांतच ते खटका दाबला की क्षणभर घुरघुरून बंद पडायला लागलं. लाल दिवा लुकलुकायचा. सर्व्हिस सेंटरवर तपासलं, बॅटरी गेली म्हणाले. मशीन अडतीस हजारांचं, बॅटरी अकरा हजारांची. त्याच वेळी पुढच्या ब्रशच्या रोलरवरचं मऊ कापड झिजलेलं दिसलं, म्हणून तोही विचारला. "मॅडम, रोलर सुटा येत नाही, अख्खं हेडच घ्यावं लागेल." त्याचे साडेनऊ हजार. दोन्ही मिळून साडेवीस हजार, म्हणजे मशीनच्या निम्म्याहून जास्त. काउंटरवरच्या मुलीने लगेच एक्स्चेंज ऑफरचा कागद पुढे केला. ती तिचं काम करत होती, तिच्यावर माझा राग नाही. पण सुट्या भागांची किंमत अशी लावली की गिऱ्हाईक आपोआप नव्या मशीनकडे वळतं, हे त्या काउंटरवर उभं राहिल्यावर स्पष्ट कळतं.

मी बॅटरी घेऊन पुण्याच्या बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तापकीर गल्लीत गेले. तिथे एका मिस्त्रींनी ती माझ्यासमोर उघडली. आत सात लिथियम सेल, प्रत्येक साधारण पेन्सिल सेलपेक्षा थोडा जाड आणि लांब, १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा. बाजारात याला १८६५० म्हणतात, आणि जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्यांतही हाच असायचा. निकेलच्या पट्ट्यांनी सातही एकमेकांना जोडलेले. मीटर लावला तर सहा सेल ठणठणीत, साडेतीन व्होल्टच्या वर. सातवा दोनच्याही खाली. एक सेल बसला म्हणून अख्खा पॅक मेला होता.

चांगल्या कंपनीचा असा सेल किरकोळीत तीनशे-चारशे रुपयांना मिळतो. सातही नवे घातले आणि मजुरी धरली तरी हिशेब अकरा हजारांच्या जवळपासही जात नाही. मग अडलं कुठे? मिस्त्री म्हणाले, "ताई, सेल आत्ता बदलून देतो. पण या पॅकचं सर्किट एकदा लॉक झालं की नवे सेल घातले तरी उघडत नाही. तुमचे पैसे कशाला घालवू?"

सेलवर नजर ठेवणारं हे सर्किट लॉक होतं ते मला पटतं. व्होल्टेज खूप खाली गेलेला लिथियम सेल पुन्हा चार्ज करणं धोक्याचं असतं, आतून शॉर्ट होऊन आग लागू शकते. घरात म्हातारं माणूस, लहान मूल असताना ही काळजी कंपनीने घेतलीच पाहिजे. पण बिघडलेला सेल काढून चांगले सेल घातल्यावरही ते कुलूप उघडू नये, त्याची किल्ली फक्त कंपनीकडे असावी आणि कंपनीने ती कुणालाच देऊ नये, हा सुरक्षेचा भाग नाही. उलट महाग ओरिजिनल बॅटरीला कंटाळून लोक ऑनलाइन दीड-दोन हजारांची बिननावाची बॅटरी मागवतात. तिच्यात कुठले सेल आहेत, तापमान मोजणारा सेन्सर आहे की नाही, काही सांगता येत नाही. सुरक्षेच्या नावाखाली लावलेली किंमतच लोकांना जास्त धोक्याच्या वाटेला लावते.

कंपन्यांची एक बाजू मी समजू शकते. भाग आयात होतो, त्यावर ड्यूटी आणि जीएसटी लागतो, आणि कमी खपणारा माल वर्षानुवर्षं गोदामात ठेवायचा तर त्याचाही खर्च येतो. पण या कारणांनी किंमत थोडी चढेल. रोलर सुटा न देता अख्खं हेड गळ्यात मारायला यातलं कुठलंच कारण पुरत नाही.

पूर्वी असं नव्हतं. युरेका फोर्ब्ज १९८२ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि तिचे टाय लावलेले विक्रेते दारोदार जाऊन युरोक्लीन दाखवायचे, हे माझ्या वयाच्या पुष्कळांना आठवत असेल. माझ्या मावशीकडचं ते मशीन कितीतरी वर्षं चाललं. आवाज प्रचंड, वजन प्रचंड, पण मोटरचे कार्बन ब्रश झिजले की कोपऱ्यावरचा वाइंडिंगवाला बदलून द्यायचा. धुळीची पिशवी कापडी, फाटली तर शिवता यायची. नव्या मशीनने वायर घालवली, वजन घालवलं, ते छानच झालं. त्याबरोबर कोपऱ्यावरचा मिस्त्रीही घालवायची काही गरज नव्हती.

हा प्रश्न आपल्याकडे कायद्यासमोर आधी येऊन गेलाय, गाड्यांच्या बाबतीत. २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने चौदा कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला. ओरिजिनल सुटे भाग आणि दुरुस्तीची साधनं त्या बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नव्हत्या म्हणून. पुढे अपिलं झाली, पण आयोगाची मांडणी महत्त्वाची आहे: गाडी घेताना तुमच्यापुढे दहा कंपन्या असतात, पण घेतल्यानंतर सुट्या भागांसाठी एकच उरते, आणि तिथे ती मक्तेदार असते. व्हॅक्यूम क्लीनरला यातला शब्द न् शब्द लागू पडतो.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि डिसेंबरात पोर्टलही काढलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही त्यातली चार क्षेत्रं. पण पोर्टलवर कंपनीचा ग्राहक सेवा नंबर मिळून माझा प्रश्न सुटत नाही. मला किंमत हवी आहे. फ्रान्समध्ये २०२२ च्या नोव्हेंबरपासून व्हॅक्यूम क्लीनरवरही दुरुस्ती किती सोपी आहे याचे गुण दाखवावे लागतात, दहापैकी, आणि सुटा भाग मशीनच्या तुलनेत किती महाग आहे हा त्या गुणांतला एक निकष आहे. म्हणजे बॅटरी महाग ठेवली तर दुकानातच गुण कमी दिसतात. युरोपियन युनियनच्या २०२४ च्या दुरुस्तीविषयक निर्देशात तर सुटे भाग वाजवी किमतीत द्या असं म्हटलंय, आणि त्याच्या यादीत व्हॅक्यूम क्लीनर आहे.

आपल्याकडे पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर एमआरपी छापलेली असते. अडतीस हजारांच्या मशीनच्या खोक्यावर बॅटरीची, हेडची, फिल्टरची किंमत आणि हे भाग किती वर्षं मिळतील हे छापायला अशी कितीशी शाई लागणार आहे? तेवढं झालं तरी कंपन्यांमध्ये सुट्या भागांच्या किमतीवरही स्पर्धा सुरू होईल, आज ती फक्त सक्शनवर चालते. दुसरी मागणी अशी की झिजणारा भाग सुटाच विकला पाहिजे. रोलर झिजला तर रोलर.

आता दिवाळीचे सेल येतील. असं कुठलंही मशीन घेणार असाल तर पैसे देण्याआधी कंपनीला ईमेल करून बॅटरी आणि ब्रश हेडची आजची किंमत विचारा, आणि उत्तर जपून ठेवा. नुसतं फोनवर तोंडी सांगितलेलं पुढे उपयोगी पडत नाही. भाग मिळतच नसेल किंवा मनाला येईल ती किंमत सांगत असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवा.

आणि ज्यांच्याकडे अशी मशीन आहेत त्यांनी खाली लिहा: मॉडेल, कुठला भाग, किती रुपये सांगितले, कुठल्या गावात आणि कधी. कंपन्या यादी छापत नाहीत तोवर आपणच बनवू. ती पूर्ण झाली की मी ग्राहक व्यवहार विभागाला पाठवणार आहे.